समतेच्या पंगतीचे यजमान : कर्मवीर भाऊराव पाटील

साधूंच्या व्रतांना महाव्रत आणि श्रावकांच्या व्रतांना अणुव्रत म्हणण्याची आपली परंपरा आहे. अणू म्हणजे लहान. संसार सांभाळून, दुकान चालवून, देणी-घेणी पुरी करून गृहस्थाला दररोज पाळता येईल एवढे ते लहान असते. परंतु लहान म्हणजे क्षुल्लक नव्हे. एका गृहस्थाने रोजच्या जेवणात, पाण्यात, झोपण्याच्या सतरंजीत आणि घरातील धान्याच्या डब्यात अशी छोटी आचरणे आयुष्यभर निष्ठेने पाळली, तर त्यातून संपूर्ण महाराष्ट्राचे जीवन कसे पालटू शकते, याचे उदाहरण म्हणजे पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पाटील यांचे चरित्र होय.

कुंभोज-बाहुबली हे क्षेत्र जैन बांधवांना तीर्थयात्रेमुळे सुपरिचित आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील त्याच कुंभोज गावी दिनांक २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व मातोश्रींचे नाव गंगाबाई. घराणे मूळचे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक येथील. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने त्यांच्या बदल्या होत आणि कुटुंबाचा मुक्काम गावोगाव हालत असे. त्यामुळे लहान वयातच भाऊरावांना खेड्यांतील जीवन जवळून पाहावयास मिळाले. शेतकऱ्याचे कष्ट त्यांनी पाहिले आणि गावकुसाबाहेरच्या माणसाची ओंजळभर पाण्यासाठी होणारी लाचारीही पाहिली.

त्या काळी सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या बंधुभगिनींना पाणी शेंदण्याची मुभा नसे. कोणा वरच्या जातीच्या माणसास दया आली, तरच त्यांच्या घागरीत वरून पाणी पडे. हे दृश्य पाहून संतापलेल्या बाल भाऊरावांनी विहिरीवरील रहाटच मोडून विहिरीत टाकून दिला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. या कृतीचे समर्थन करावे की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु त्या मुलाला एक गोष्ट उमगली होती. तहानलेल्याला वरून पाणी वाढणे ही दया आहे. मात्र त्याला स्वतःच्या हाताने पाणी काढू देणे यात दयेबरोबर समताही आहे. या दोहोंमधील अंतर मिटविण्यात त्यांचे पुढील सारे आयुष्य खर्ची पडले.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले. बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे उच्चविद्याविभूषित, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे धुरीण आणि सुधारणावादी म्हणून ख्यातनाम होते. पुढे १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अशा थोर पुरुषाच्या देखरेखीखालील वसतिगृहातही सोवळ्या-ओवळ्याचे नियम मात्र कडक होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करून मगच पंगतीस बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. माणसांना भेटून आल्याने आपण अशुद्ध झालो, हे त्यांना मान्य नव्हते. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

हा प्रसंग जैन समाजाने डोळ्यांआड करू नये, तर अंतर्मुख होऊन वाचावा असा आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणारा, पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारा आपला समाज. सूक्ष्म जीवांची एवढी काळजी वाहणाऱ्या या समाजाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला मात्र त्या काळी जागा नव्हती. अहिंसेच्या उपदेशात काही उणे नव्हते. उणीव होती ती आचरणात. भाऊरावांनी आपल्या धर्माचा त्याग केला नाही किंवा समाजाविषयी कटुताही बाळगली नाही. जीवदयेचा अर्थ त्यांनी अधिक शब्दशः घेतला, इतकेच.

बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्यास शाहू महाराजांनी आपल्या वाड्यात आसरा दिला. महाराजांच्या सहवासात त्यांना समतेचे राज्यकारभारातील रूप पाहावयास मिळाले. शालेय परीक्षांत मात्र भाऊरावांना यश लाभले नाही. मॅट्रिकचा टप्पा गाठण्यापूर्वीच त्यांचे शिक्षण थांबले. परंतु शिक्षणावाचून माणसाचे किती अडते, याची जाणीव त्यांना पदवीधरांपेक्षा अधिक तीव्रतेने झाली असावी. इस्लामपूर येथे ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य विद्यार्थी शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्यावर व्याख्यान दिले नाही. त्या मुलाला आपल्याबरोबर कोल्हापुरास नेऊन त्यांनी मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. एका मुलाचा हात धरण्याचे ते साधे काम होते. भाऊरावांच्या भावी कार्याचे बीज मात्र त्यातच होते.

सन १९१४ मध्ये भाऊरावांच्या चारित्र्याची कसोटी पाहणारा प्रसंग ओढवला. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा त्यांच्यावर दबाव आणण्यात आला. ज्यांच्या कारकिर्दीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांचाच सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांना अटक झाली, कोठडीत त्यांचा छळ झाला, तो त्यांच्या जिवावर बेतला. परंतु खोटी साक्ष देण्यास ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. सत्य आणि क्षमा ही दोन्ही व्रते या एका नकारात एकवटली आहेत. ज्याने आपल्याला दुखविले त्याच्याविषयीही अन्याय करावयाचा नाही, ही करुणेची सर्वांत अवघड पायरी होय. संवत्सरीला क्षमायाचना करणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावा असा हा प्रसंग आहे.

पोटासाठी भाऊरावांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यात त्यांनी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. ओगले यांच्या काच कारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या विक्रीसाठी ते खेडोपाडी हिंडले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी अपार मेहनत घेतली. व्यापारी बांधवांना या कालखंडाचे विशेष महत्त्व वाटावे. नांगर विकण्याच्या निमित्ताने गावच्या चावडीवर बसणाऱ्या या विक्रेत्याने शेतकऱ्याच्या गरजांबरोबर त्याच्या घरचे अज्ञानही पाहिले. नांगराचा हिशेब ज्याला वाचता येत नाही, तो सावकाराचा हिशेब कसा वाचणार, हे त्यांना उघड दिसत होते. ग्राहकाच्या दारात उभे राहून केवळ खिशाकडे न पाहता त्याच्या माणूसपणाकडे पाहणे हीसुद्धा व्यापारातील एक साधना आहे.

तत्पूर्वीच, १९१० च्या सुमारास, सांगलीजवळील दूधगाव येथे सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाचा प्रयोग केला होता. त्याचा आधार होता मुष्टिफंड. घरातील माउलीने दररोज दळण किंवा स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि त्या मुठी जमा करून विद्यार्थ्यांना भोजन द्यावयाचे, अशी ही योजना. मोठ्या देणगीसाठी धनिक शोधावा लागतो; मूठभर धान्यासाठी मात्र प्रत्येक घर पुरेसे श्रीमंत असते. शिवाय जे घर आज मूठ देते, त्या घराचा मुलगा उद्या त्याच पंक्तीला बसणार असतो. त्यामुळे देणारा आणि घेणारा यांच्यात उंच-सखलपणा उरत नाही. दानाच्या या रीतीत दात्याचा अहंकार वाढण्यास जागाच नाही.

दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यात हलविण्यात आले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांची मुले एकत्र राहू लागली. पाणी भरणे, दळण-कांडण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही सारी कामे विद्यार्थी आळीपाळीने करीत. आज ज्याच्या हातची भाकरी खावयाची, उद्या त्याला आपल्या हातची वाढावयाची, असा तेथील दिनक्रम होता. समतेवर प्रवचने देण्याची तेथे गरज पडली नाही. रोज दोन वेळा पंगत बसत होती, तेवढे पुरेसे होते. बाहेरच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या न तुटलेल्या भिंती त्या पंगतीत काही महिन्यांत कोसळत. दिनांक २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते या वसतिगृहाचा नामकरण समारंभ होऊन त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. पुणे कराराच्या स्मृतीसाठी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसतिगृहासही त्यांनी युनियन बोर्डिंग असे ऐक्यसूचक नाव दिले.

या सर्व कार्यात भाऊरावांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. त्या सधन जैन पाटील घराण्यातील, जुन्या संस्कारांत वाढलेल्या. सोवळे आणि व्रतवैकल्ये यांत त्यांचे बालपण गेलेले. पतीने घरी आणलेल्या नाना जातींच्या मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत घेणे त्यांना सहज शक्य झाले असेल, असे मानण्याचे कारण नाही. भाऊरावांनी जे विचाराने स्वीकारले, ते या माउलीने चुलीपुढे बसून प्रत्यक्षात उतरविले. मुलांचे आजारपण, त्यांचे रुसवे-फुगवे, त्यांचे न्हाणे-धुणे त्यांनी पोटच्या लेकरांप्रमाणे केले. वसतिगृहाच्या खर्चापायी त्यांचे माहेर-सासरचे दागिने एकामागून एक विकले गेले. एकदा भाऊराव परगावी असताना धान्य संपले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. सौभाग्यलेणे म्हणून जे प्राणापलीकडे जपावयाचे, त्याचे मोल त्यांनी परक्यांच्या मुलांच्या भाकरीत पाहिले. अपरिग्रह या शब्दाचा याहून जिवंत अर्थ शोधून सापडणार नाही. १९३० मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष बहरलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते; परंतु त्याच्या मुळाशी त्यांचेच पाणी आहे.

पत्नीवियोगाने भाऊराव खचले नाहीत. १९३५ मध्ये साताऱ्यात त्यांनी अध्यापक विद्यालय सुरू केले, कारण खेड्यात शाळा काढावयाच्या तर खेड्यातील जीवनाशी समरस होणारा शिक्षक हवा. त्यानंतर शाळा नसलेल्या गावांत लोकांच्या सहकार्याने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले. येथे गरीब विद्यार्थी श्रम करून शिकत. कमवा आणि शिका या योजनेत माती वाहणारा, खडी फोडणारा, शेतात राबणारा मुलगा ताठ मानेने वर्गात बसे. मदत देतानाही घेणाऱ्याचा स्वाभिमान सांभाळावा, हे या योजनेचे मर्म होते. या हायस्कूलला मोठी देणगी देऊ करणाऱ्या एका धनिकाने नाव बदलण्याची अट घातली असता, भाऊरावांनी ती देणगी नम्रपणे पण ठामपणे नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कऱ्हाडास संत गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज निघाले. स्वतःचे नाव संस्थांना न देता त्यांनी ते थोरांच्या स्मृतीस अर्पण केले.

खादीचे साधे कपडे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी अशी त्यांची मूर्ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरत राहिली. जनतेने प्रेमाने दिलेली कर्मवीर ही पदवी त्यांच्या नावाचाच भाग झाली. भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या पुरुषाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव अपूर्व होता. त्यानंतर अल्पावधीतच, दिनांक ९ मे १९५९ रोजी, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्यांमध्ये पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखी माणसे होती. रयत शिक्षण संस्थेने २०१९ मध्ये शताब्दी साजरी केली. आज तिच्या शाखांची संख्या सातशेच्या वर आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या दुर्गम मोखाड्यातही संस्थेचे महाविद्यालय आहे. वटवृक्ष हे या संस्थेचे बोधचिन्ह. वडाचे बी किती बारीक असते, हे सर्वांना ठाऊक आहेच.

सातारा-कोल्हापूरकडील या सत्पुरुषाचे चरित्र शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील जैन बांधवांना दूरचे वाटू नये. आपल्या बाजारपेठांचा सारा व्यवहार ज्यांच्या येण्या-जाण्यावर चालतो, ते कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कुणबी, आगरी बांधव याच परिसरातील आहेत. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबई महानगराची तहान भागविते. मात्र त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळा संपला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामावर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर शाळेतील मुलेही जातात. म्हसा यात्रेत घोंगडी घ्यावयास येणारा शेतकरी, पेठेत गोणी वाहणारा हमाल, दुकानाच्या पायरीवर संकोचाने उभी राहणारी पाड्यावरची बाई, हे सर्व दररोज आपल्या दारी येतात. भाऊरावांचा प्रश्न त्यांच्या रूपाने आजही समोर उभा आहे.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रत्येकाने संस्था काढावी असे नाही. दुकानातील पिण्याच्या पाण्याचा माठ आणि पेला मालकास, गिऱ्हाइकास आणि हमालास एकच असावा. पाड्यावरच्या वृद्ध माणसाला अरे-तुरे न करता मानाने बोलवावे. भाव सर्वांना सारखा सांगावा आणि मापात फरक करू नये. घरकामास येणाऱ्या बाईच्या मुलाची शाळा सुटली तर त्याची विचारपूस करावी. वर्षातून एकदा वह्या-गणवेश वाटून छायाचित्र काढण्यापेक्षा, एका मुलाची दहावीपर्यंतची जबाबदारी निमूटपणे घ्यावी. लग्नकार्यातील पंगतीत मांडव घालणारे, वाजंत्री आणि सफाई करणारे यांना उरलेले न देता वेळेवर, सन्मानाने बसवून वाढावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीस फार पैसा लागत नाही. लागतो तो मनाचा निर्धार, कारण अशा आचरणात पहिली अडचण बहुधा घरातूनच येते, हे भाऊरावांनीही अनुभवले होते.

संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना बांधलेल्या वास्तू, झालेले महोत्सव आणि जमलेल्या देणग्या यांची नोंद होणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच, या पन्नास वर्षांत आपल्या पंगतीत किती नवी माणसे बसली, याचाही हिशेब मांडला गेला तर सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने सोन्याचा होईल. एके काळी जैन बोर्डिंगच्या पंगतीतून उठविल्या गेलेल्या एका जैन विद्यार्थ्याने पुढे इतकी मोठी पंगत मांडली की तिच्यात सारा महाराष्ट्र जेवला. त्या पंगतीत अजूनही जागा आहे. वाढणारे हात मात्र आणखी हवे आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि सौ. लक्ष्मीबाई यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!